सजलेल्या दालनातले शहापूर-मुरबाड

मुंबईच्या लोअर परळ भागात गृहसजावटीची, म्हणजे ज्याला हल्ली सर्रास इंटिरिअर म्हणतात त्याची, जी मोठमोठी दालने आहेत त्यांच्याविषयी शहापूर-मुरबाडकडच्या माणसांनी बोलावे, हे आपल्यापैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. लाखालाखाचे कोच, काचेची भोजनाची टेबले, परदेशी संगमरवर आणि छताला टांगलेली झुंबरे यांच्याशी भातशेतीचा आणि कातकरवाडीचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच गैर नव्हे. परंतु आम्ही संघटनेच्या कामासाठी या दालनांत अनेकदा गेलो आहोत, आणि प्रत्येक वेळी तेथे आपल्या दोन तालुक्यांच्या खुणा आम्हांला सापडल्या आहेत. दालनाचा मालक त्या दाखवीत नाही. त्या ओळखावयाच्या तर थोडा इतिहास ठाऊक असावा लागतो, आणि तेवढा आज सांगण्याचा आमचा विचार आहे.

ज्यांनी असे दालन पाहिले नसेल त्यांच्यासाठी आधी त्याचे थोडे वर्णन करू. आत शिरले की ते दुकान वाटतच नाही, कोणाच्या तरी घरात आल्यासारखे वाटते. एकेक खोली पुरी मांडलेली असते. पलंगावर चादर अंथरलेली, उशाशी दिवा लावलेला, टेबलावर पुस्तके ठेवलेली; फक्त त्या घरात राहणारे कोणी नसते. वस्तूवर किंमत लिहिलेली नसते. ती विचारावी लागते, आणि विचारणाऱ्याकडे पाहून सांगणारा आपले मनाशी काहीतरी ठरवतो. आमच्याबरोबर एकदा मुरबाडकडचे एक वयस्क सुतार होते. त्यांनी एका भोजनाच्या टेबलावर बोटाचे पेर वाजवून पाहिले, मग वाकून खालच्या बाजूला हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "दादा, वर साग आहे तो कागदाएवढा, आत भुसाच आहे." ते खरेच होते. सागाचा अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा दाबून बसवलेल्या भुशाच्या फळीवर चिकटवलेला होता. विक्रेत्या मुलाने मात्र मोठ्या अदबीने सांगितले की हा बर्मा टीक आहे. मुलगा खोटे बोलत नव्हता. पापुद्रा कदाचित ब्रह्मदेशातला असेलही. त्याला जे पाठ करावयास दिले होते तेच तो म्हणत होता.

आता हा साग आणि हे शिसव मुंबईच्या बाजारात आले कोठून, याचा शोध घेऊ लागलो की आपल्याला मुंबईच्याही मागे जावे लागते. मुंबई ही सात बेटे होती तेव्हा कल्याण हे मोठे बंदर होते. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषा लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने 'कल्लियाना' येथून काय काय बाहेर जाते ते नोंदवून ठेवले आहे. त्यात पितळ आहे, कापड आहे आणि शिसवाचे ओंडके आहेत. कल्याणच्या पाठीशी डोंगर आणि रान कोणते, तर आपलेच. त्याच्याही कितीतरी आधी सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल नाणेघाटातून मुरबाडच्या वैशाखऱ्याला उतरे आणि कल्याणला जाई. घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते, आणि तेथल्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आजही आहे. सहलीला जाणारी मंडळी तेथे छायाचित्रे काढून परततात. तो रस्ता मालाचा होता, आणि माल वाहणाऱ्या माणसांचा व जनावरांचा होता, ही गोष्ट मात्र कोणी फारशी मनात आणीत नाही. पुढे 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि कल्याणच्या खाडीत जहाजे बांधावयास काढली, तेव्हाही लाकूड हाताशी होते म्हणूनच ते काम सुरू करता आले.

येथे आपल्याकडच्या एका अभिमानाला थोडी मुरड घालणे आम्हांला भाग आहे. "मुंबईतले सगळे सागवान आमच्या माहुलीच्या रानातून गेले," असे बोलणे आपल्याकडे ऐकू येते. ते तसे नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने जी थोर जहाजे बांधली त्यांचा साग मुख्यतः मलबारातून आला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोठ्या फळ्या ब्रह्मदेशातून येऊ लागल्या. आपल्या रानाने दिले ते वासे, खांब, घरबांधणीचे लाकूड, सरपण आणि कोळसा. वैभवाच्या वस्तूत आपले लाकूड थोडे, आणि शहराच्या रोजच्या पोटात ते फार. आम्हांला हे अधिक महत्त्वाचे वाटते. दिवाणखान्यातली शिसवी खुर्ची शंभर वर्षे टिकते आणि संग्रहालयात जाते. चुलीत गेलेला कोळसा मात्र कोणत्याही संग्रहालयात जात नाही, आणि तो पाडणाऱ्या कातकऱ्याचे नावही कोठे राहत नाही.

रानाचे दिवस फिरले ते आगगाडीने. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला आली, आणि तेथून वासिंद, आसनगाव, कसारा करीत 1865 साली थळ घाट चढून इगतपुरीला पोचली. रुळांखाली लाकडी स्लीपर लागत, इंजिनाला सरपण लागे, पुलांना आणि वखारींना वासे लागत. देशभर रेल्वेने रानांचा फडशा पाडला, आणि मग सरकारलाच धास्ती पडली की लाकूड पुरणार कसे. 1865 साली पहिला जंगल कायदा झाला आणि 1878 साली दुसरा, अधिक कडक. रान राखीव झाले. म्हणजे ज्यांनी लाकूड नेले त्यांचे नेणे कायदेशीर ठरले, आणि जे रानात राहत होते त्यांचे फांदी तोडणे गुन्हा ठरले.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही फांदी का लागे, ते शहरातल्या श्रोत्यांना सांगावयास हवे. भाताचे रोप टाकावयाच्या जागेवर ऐन-किंजळाच्या टहाळ्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर रचून पावसाआधी ते जाळतात. यालाच राब म्हणतात. राबाशिवाय रोप जोमदार होत नाही, असा शेकडो वर्षांचा अनुभव. जंगल खात्याच्या अधिकाऱ्यांना वाटे की राबामुळेच झाडे खुरटतात. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून यावर इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला 1885 साली एक जंगल कमिशन नेमावे लागले, आणि त्याचा अहवाल 1887 साली आला. एका टहाळीवरून सरकारला कमिशन बसवावे लागले, ही आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातली थोडी गोष्ट नव्हे. कोठल्याही शाळेच्या पुस्तकात ती आम्हांला आढळली नाही. आम्ही शाळेत फार काळ नव्हतो ही गोष्ट निराळी.

याच सुमारास मुंबईत फर्निचरची दालने उभी राहत होती. किल्ल्याच्या भागात मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगीनदास मास्टर मार्ग, आणि त्याच्या आसपास कोरीव शिसवी सामान बनत असे. वेली, सिंहमुखे आणि जाळी यांनी ते इतके भरलेले असे की पाठ टेकावयास जागा सापडू नये. बर्डवूड या जाणकाराने 1880 साली लिहून ठेवले की या नक्षीची घडण मुळात डचांच्या सामानावरून आली. तिचे कौतुक मात्र 'हिंदुस्थानी कला' म्हणून झाले. 1851 साली लंडनला जे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले त्यातही असे कोरीव सामान ठेवले होते. 1879 साली मादाम ब्लॅव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट हे थिऑसॉफीचे प्रवर्तक मुंबईत उतरले, त्यांच्याबरोबर एडवर्ड विंब्रिज नावाचा इंग्रज वास्तुकार होता. त्याचे थिऑसॉफीत फार दिवस मन रमले नाही. त्याने मुंबईतच राहून फर्निचरचा कारखाना काढला, आणि तो चांगला चालला. परमार्थापेक्षा खुर्च्यांना गिऱ्हाईक अधिक मिळाले, एवढेच त्यावरून दिसते.

ब्रह्मदेशाच्या सागाची कथाही थोडी सांगितलीच पाहिजे, कारण 'बर्मा टीक' हा शब्द आजही दालनादालनांत मंत्रासारखा म्हटला जातो. बॉम्बे-बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी 1863 साली स्थापन झाली. तिने वरच्या ब्रह्मदेशातल्या रानांचा मक्ता घेतला. ओंडके किती तोडले आणि राजाला पैसे किती दिले यावरून तंटा झाला, थिबा राजाने कंपनीला मोठा दंड ठोठावला, आणि 1885 साली इंग्रजांनी लढाई करून राजाच उचलला. त्याला आणून ठेवले ते आपल्या रत्नागिरीत. त्याच्यासाठी 1910 साली बांधलेला वाडा तेथे उभा आहे, आणि 1916 साली तो तेथेच वारला. त्या लढाईला कारणे आणखीही होती, परंतु निमित्त घडले ते सागाचे. 2014 साली ब्रह्मदेशाने, म्हणजे म्यानमारने, ओंडके परदेशी पाठविण्यावर बंदी घातली. त्यानंतर 'बर्मा टीक' हे नाव विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही जरा सांभाळून उच्चारावयास हवे होते. तसे झाले नाही.

आता पुन्हा आपल्या रानात येऊ. लाकूड तोडणारे कोण होते? ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली. त्यांना राबविणारे जंगलाचे ठेकेदार आणि सावकार. 1937 साली बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आल्यावर सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याकडे आदिवासींच्या स्थितीची चौकशी सोपविण्यात आली, आणि त्याचा अहवाल 1939 साली प्रसिद्ध झाला. वेठबिगार, मारहाण आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी राबणारी माणसे यांचे वर्णन सरकारी भाषेत त्यात आहे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. लग्नाला शेपन्नास रुपये उचलावयाचे आणि नवराबायको दोघांनी ते फिटेपर्यंत राबावयाचे. फिटत मात्र कधीच नसे.

1945 च्या जानेवारीत कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथून गेलेल्या ठिणगीने उंबरगाव-डहाणूकडचे वारली उठले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांचे नाव तेव्हापासून ठाणे जिल्ह्याच्या रानोमाळ झाले. त्या लढ्याच्या वेठबिगारीविरुद्धच्या भागाची आठवण पुष्कळांना असते. 1946 चा मजुरीचा लढा मात्र कमी आठवला जातो. गवत कापण्याचा दर आणि जंगलतोडीला दिवसाला किमान सव्वा रुपया, अशी मागणी होती. लाकूड-व्यापाऱ्यांनी आधी नाही म्हटले. वारल्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. हंगाम निघून चालला, वखारी रिकाम्या राहू लागल्या, आणि व्यापाऱ्यांना दर मान्य करावा लागला. कामगार-चळवळीचा धंदा करणाऱ्या आम्हांला या लढ्याचे विशेष वाटते ते असे की येथे ना कारखाना होता, ना हजेरीपट, ना फाटक. मैलोन्मैल पसरलेल्या रानात, अक्षरओळख नसलेल्या माणसांनी एकच दर धरून ठेवला. मुंबईतल्या भल्या भल्या युनियनांना हे साधलेले नाही.

1947 साली मुंबई सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी संस्था काढावयास आरंभ केला, म्हणजे तोडीचे ठेके व्यापाऱ्यांऐवजी तोडणाऱ्यांच्या संस्थांना मिळावेत. कल्पना उत्तम होती. काही संस्था खरोखरीच चालल्या, काहींत नाव आदिवासीचे आणि तिजोरी दुसऱ्याची असाही प्रकार झाला. तरी मजुराला आपल्या ओंडक्याची वखारीतली किंमत कळण्याची सोय या संस्थांनी प्रथम केली, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात लग्नगडी राबत होते त्याच काळात, 1937 च्या नोव्हेंबरात, मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने 'आयडियल होम' नावाचे प्रदर्शन भरविले. आजच्या दालनांचे खरे आजोबा हेच. पूर्वी दुकानात खुर्च्या एकावर एक रचलेल्या असत. येथे सबंध खोल्याच मांडून दाखविल्या. बसावयाची खोली, निजावयाची खोली, स्वयंपाकघर, विजेची उपकरणे, सरळ रेषांचे नव्या तऱ्हेचे सामान. बाराच दिवसांत लाखावर माणसे ते पाहून गेली. वस्तू विकण्याआधी राहण्याची तऱ्हा विकावयाची, ही युक्ती मुंबईने तेथे शिकली. मरीन ड्राइव्हच्या नव्या इमारतींत बिऱ्हाडे थाटणाऱ्यांना हे सारे हवेच होते.

परंतु त्या लाखात गिरणगावातलेही पुष्कळ असतील, असा आमचा तर्क आहे, कारण फुकट किंवा थोड्या पैशांत पाहावयास मिळणारी गोष्ट गिरणगावाने कधी सोडली नाही. त्यांचे स्वतःचे घर कसे होते? 1920 नंतरच्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे 207 चाळी बांधल्या. त्यांना बी.डी.डी. चाळी म्हणतात. एकेक खोली 160 चौरस फुटांची. त्यात एक कुटुंब राही आणि बहुधा गावाकडचे दोनचार पाहुणेही, जे वर्षानुवर्षे पाहुणेच असत. तेथे निजावयाची खोली आणि बसावयाची खोली वेगळी करावयाची म्हणजे दिवस आणि रात्र वेगळी करावयाची. अंथरूण गुंडाळले की दिवाणखाना, पसरले की शयनगृह. जागेच्या अशा वापराला आज दालनांतून मोठे इंग्रजी नाव आहे आणि भिंतीत दुमडणाऱ्या पलंगाला दोन-तीन लाख पडतात.

मध्यमवर्गाच्या घरात खरी क्रांती केली ती लोखंडी कपाटाने. गोदरेजांनी 1897 साली कुलपांचा धंदा सुरू केला आणि 1923 साली पोलादी कपाटे काढली. वाळवी लागत नाही, चोराला फुटत नाही, आणि दाराला आरसा. शहापूर-मुरबाडात ते पोचावयास बराच काळ लागला, पण पोचल्यावर ते लग्नाच्या यादीत जाऊन बसले. आणि ही यादी पुरी करावयास आपली माणसे आजही कोठे जातात, तर उल्हासनगरला.

उल्हासनगरचे नाव या व्याख्यानात घेतल्यावाचून आम्हांला पुढे जाता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून उजाड होऊन आलेली माणसे तेथल्या बराकींत राहिली, आणि 1949 साली त्या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळाले. हाती काहीच नसलेल्या या लोकांनी जे धंदे उभे केले त्यांत फर्निचरचा धंदा मोठा. तेथला बाजार म्हणजे लोअर परळच्या अगदी उलट. पलंग रस्त्यावर उभे करून ठेवलेले, पॉलिशचा वास, मागच्या बाजूला करवतीचा आवाज. किंमत ओरडून सांगतात आणि ती घासाघीस करून निम्म्यावर आणता येते. सुतार तुम्हांला दिसतो, त्याच्याशी बोलता येते, पाय डगमगला तर परत नेऊन त्याच्यापुढे ठेवता येतो. आम्ही या बाजाराचे गोडवे गातो आहोत असे समजू नका. तेथल्या कारागिरांना ना भविष्य निर्वाह निधी, ना अपघाताची भरपाई, आणि करवतीखाली गेलेल्या बोटाचा हिशेब तेथेही कोणी ठेवीत नाही. परंतु काम करणारा हात तेथे झाकलेला नसतो, एवढा फरक आहे. मुरबाडच्या रस्त्याने ज्येष्ठाच्या आधी टेम्पोत आरसा बांधलेली कपाटे जाताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यातली किती हप्त्याने घेतलेली असतात हे बँकेच्या आणि पतपेढीच्या मंडळींना ठाऊक. लग्नगड्याची आठवण आम्हांला अशा वेळी होते.

आता लोअर परळकडे वळू. तेथल्या सेनापती बापट मार्गावर रघुवंशी मिलचे आवार आहे. गृहसजावटीच्या धंद्यातली माणसे मुंबईत आधी तेथेच जातात, इतकी दालने तेथे दाटली आहेत. नावच सांगते की ही गिरणी होती. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी-कामगार संपावर गेले. त्या संपाची अधिकृत सांगता कधी झालीच नाही. गिरण्या आजारी पडल्या, काही पाडल्या गेल्या असे म्हणणारेही आहेत, आणि हळूहळू यंत्रांपेक्षा यंत्राखालची जमीन मोलाची झाली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांत 58 वे कलम आले. गिरणीची जमीन विकसित करावयाची तर एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक हिस्सा घरांसाठी म्हाडाला आणि एक हिस्सा मालकाला, असा तो सौदा होता. 2001 साली त्यात बदल होऊन वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची ठरली. ज्या जमिनीवर इमारती उभ्या होत्या ती हिशेबातून सुटली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. एका शब्दाच्या अर्थावर किती एकर जमीन सरकते, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावे. कामगारांनी तरी वाचलेच पाहिजे.

जुन्या गिरण्यांतून आता दिवे, गालिचे, नळ आणि स्नानाचे हौद विकतात. एका दालनात तर जुन्या गिरणीच्या विटांची भिंत मुद्दाम उघडी ठेवलेली आम्ही पाहिली. तिच्यावर खालून प्रकाश टाकला होता. त्या भिंतीला टेकून ज्यांनी पाळ्या केल्या त्यांची मुले म्हाडाच्या सोडतीत नाव लागते का, याची वाट पाहण्यात म्हातारी झाली.

स्नानगृहांच्या दालनात आपले तालुके सर्वांत स्पष्ट दिसतात. तेथे छतातून पावसासारखे पाणी सोडणारे नळ असतात, आणि गिऱ्हाइकाला खात्री पटावी म्हणून ते चालू करून दाखवतात. हे पाणी कोठले? तानसा तलावाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते. भातसा धरण त्यानंतरचे, आणि आज मुंबईच्या एकूण पाण्यापैकी सुमारे निम्मे भातसाचे. दोन्ही शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकर जातो आणि हंड्यांची रांग लागते. दालनातला नळ मिनिटभर वाहिला तेव्हा आमच्याबरोबरच्या शहापूरच्या एका बाईंनी तो बंद करावयास हात पुढे केला. विक्रेत्याला वाटले त्यांना तोटी पसंत पडली.

रस्त्याचे नावही तेथे सेनापती बापटांचे. 1921 ते 1924 या काळात टाटांच्या धरणात मुळशीचे मावळे बुडत होते म्हणून जो सत्याग्रह झाला, त्याने त्यांना सेनापती केले. मुरबाडात काळू नदीवर धरण बांधावयास काढले तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि 2012 साली काम थांबले. पुढे पुन्हा त्याची बोलणी सुरू झाली. मुंबईची आणि तिच्या भोवतालच्या शहरांची तहान वाढते आहे हे खरे. काळूकाठच्या गावांना शहराने पाणी पिऊ नये असे कधीच वाटले नाही. आपले गाव कोणत्या नळातून वाहणार आहे ते आधी समजावे, आणि ग्रामसभेला विचारावे, एवढे त्यांचे म्हणणे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला काही अधिकार दिले आहेत. दाव्यांची पुडकी मात्र कचेऱ्यांतून फिरत असतात.

शेवटी दालनात उभ्या असलेल्या माणसांविषयी. कसाऱ्याकडून सुटणाऱ्या पहाटेच्या लोकलने आपल्याकडचे कितीतरी तरुण-तरुणी मुंबईला दुकानांत कामाला जातात. आसनगावहून दादरला पोचावयास दोन तासांच्या आसपास, आणि परततानाही तेवढेच. दालनात दहा तास. आणि ते दहा तास उभ्याने. चहूकडे खुर्च्या, कोच, आरामखुर्च्या, पलंग. त्यांतल्या एकीवरही बसावयाची परवानगी नाही, कारण माल मळतो आणि गिऱ्हाइकाला बरे दिसत नाही. आसनगावच्या एका मुलीने आम्हांला सांगितले की तिला पंचवीस तऱ्हेच्या खुर्च्यांचे गुण तोंडपाठ आहेत. कोणती कंबरेला चांगली, कोणती गुडघ्याला. तिचे स्वतःचे पाय संध्याकाळी सुजतात.

आपल्या ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 साली गिरणी-कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या, आणि 1890 साली रविवारची सुट्टी मिळवली. 1939 साली मुंबई प्रांताने दुकाने व संस्थांचा कायदा केला. देशातला तो पहिला. 1948 साली दुकानांचा कायदा नव्याने झाला आणि त्याच वर्षी कारखाने कायदा आला. कारखाने कायद्याच्या 44 व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्या कामगाराला, कामात सवड मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून, बैठकीची सोय करावी असे लिहिले होते. म्हणजे रघुवंशी गिरणी चालू असताना त्या आवारात उभ्याने काम करणाऱ्याला बसण्याचा हक्क कायद्याने होता; आणि त्याच आवारात खुर्च्यांचे दालन झाल्यावर कारखाने कायदा दाराबाहेर राहिला. केरळात कोळिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षे झगडा केला, तेव्हा 2018 साली तेथल्या सरकारने दुकानांच्या कायद्यात बदल केला. 2021 साली तमिळनाडूने तसेच केले. 2020 साली केंद्राने कामावरच्या सुरक्षिततेची जी संहिता केली तिच्यातही उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याचा उल्लेख आहे. उल्लेखाला पाय फुटून त्याचे स्टूल व्हावे यासाठी आम्ही या मुलामुलींबरोबर एक मागणीपत्र तयार केले आहे. पगार, साप्ताहिक सुट्टी, रात्रीची शेवटची कसारा गाडी चुकणार नाही अशी सुटण्याची वेळ, आणि प्रत्येक मजल्यावर एक बाक. बाक कसला असावा यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. आसनगावची मुलगी म्हणाली, लाकडी फळीचा, पाठ असलेला, उल्हासनगरला मिळतो तसला. तेवढे वाक्य आम्ही जसेच्या तसे लिहून घेतले.